सप्टेंबरला सीए फायनल, नोव्हेंबरला आयर्नमॅन: कसं जमवायचं

तू लिहिलंस की घर फोंड्याला, आर्टिकलशिप (सीएच्या ऑफिसातली उमेदवारी) पणजीत, सप्टेंबरला सीए फायनलचा पहिला ग्रुप (पेपरांचा पहिला गट) आणि नोव्हेंबरला मिरामारची आयर्नमॅन ७०.३ (पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची शर्यत). मग दिवसाचं वेळापत्रक कसं बसवू, असा तुझा प्रश्न. मी या दोन्हींतून गेलो आहे, आणि आता माझ्या ऑफिसात तुझ्यासारखे आर्टिकल्स आहेत. म्हणून सविस्तर लिहितो.

दिवसाचं नंतर बघू. पहाटे पाच ते रात्री अकरा रकाने आखले की तास पुरतात, ताकद मात्र पुरत नाही. सकाळी ७० किलोमीटर सायकल मारून आलेला माणूस संध्याकाळी फायनान्शियल रिपोर्टिंगच्या पेपरातलं कन्सॉलिडेशन (समूहातल्या कंपन्यांचे एकत्र हिशेब) घेऊन बसला, तर पुस्तक उघडं राहतं आणि आकडे डोक्यात शिरत नाहीत. पायांचा थकवा आणि डोक्याचा थकवा शेवटी एकाच झोपेतून भरून निघतात. म्हणून दोन्हींचे जड आठवडे एकमेकांवर पडू द्यायचे नाहीत, एवढंच आधी ठरव.

आता कॅलेंडर घे. पेपर साधारण सप्टेंबरच्या पूर्वार्धात. त्याच्याच आगेमागे चवथ (गणेश चतुर्थी), म्हणजे गावच्या घरी जाणं, माटोळी (गणपतीवर बांधायची फळापानांची सजावट), पाहुणे. ऑफिसात टॅक्स ऑडिटची (करासाठीच्या हिशेबतपासणीची) मुदत ३० सप्टेंबर, त्या आयकर विवरणपत्रांची ३१ ऑक्टोबर. मुदत वाढली तर ऑफिसचं काम थेट रेसच्या आठवड्यात येतं. १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणं यांच्या तयारीतले सगळ्यात जड आठवडे पेपर संपल्यावर येतात, ही तुझ्या बाजूची गोष्ट आहे. आत्ताच जोर लावून तो फायदा घालवू नकोस.

पेपर संपेपर्यंत खेळ फक्त टिकवायचा. आठवड्यातून एकदा पोहणं, एकदा सायकल, दोनदा धावणं पुरे. सरावाचं प्रमाण निम्म्यावर आणलं तरी त्यात थोडा वेगाचा भाग ठेवला तर दम काही आठवडे फारसा उतरत नाही. प्रमाण ठेवून वेग सोडला तर उतरतो. बहुतेक जण नेमकं हेच उलट करतात, रोज तासभर रमतगमत धावतात आणि सराव चालू आहे असं मानतात. पावसात जुन्या गोव्याच्या हमरस्त्यावर सायकल काढू नकोस, ती घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागेवर चालवायच्या स्टँडवर) चालव. पोहायला कांपालचा जलतरण तलाव तुझ्या ऑफिसपासून जवळच आहे. समुद्राचं नाव पावसाळ्यात काढायचं नाही.

अभ्यासाकडे. फोंडा-पणजी बसमध्ये ऑडिटची मानकं वाचून होतात, तिथे गणितं सोडवायला जाऊ नकोस. फायनान्शियल रिपोर्टिंग आणि अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट सकाळी, ताज्या डोक्याने, हातात पेन घेऊन. ज्या दिवशी वेगाचा सराव असेल त्या दिवशी फक्त उजळणी.

एका गोष्टीवर मी जास्तच अडून बसतो. पेपर दुपारी दोन ते पाच असतो. आपल्याकडे ही शीतकडी (भात-कालवण) जेवून आडवं व्हायची वेळ. लहानपणापासून शरीराला तीच सवय. पहाटे उठून कितीही मॉक (सरावाचे पेपर) सोडवलेस तरी दुपारी तीनला हात जड होणार. म्हणून दर शनिवारी किंवा रविवारी हलकं जेवून बरोबर दोनला पूर्ण पेपर लिहायला बस. त्या दिवशी सकाळी काहीही सराव नको, चालणंसुद्धा नको. प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के लागतात. ४२-४३ च्या आसपास अडकलेली मुलं मी बघतो, त्यांचं वाचन कमी नसतं, तिसऱ्या तासात त्यांचा हात चालत नाही. एखाद्या पेपरात ६० मिळाले तर पुढच्या तीन अटेम्प्टना त्याची सूट राहते. म्हणून तुझा सगळ्यात बरा पेपर नुसता पास व्हायचा म्हणून सोडू नकोस.

पेपर संपला की तीन-चार दिवस झोप. त्यानंतर रेसपर्यंत साधारण सहा-सात आठवडे मिळतील. दर आठवड्याला लांब सायकल एकच, रविवारी. फर्मागुढीचा चढ हाताशी आहेच, पण रेससाठी एका लयीत बसायची सवय जास्त कामाची. सायकलवरून उतरून लगेच धावायचा सराव पंधरवड्यातून एकदा. पाऊस ओसरून समुद्र निवळला की खाऱ्या पाण्यात उतर, पण जीवरक्षकांचं ऐकून आणि सोबत माणसं घेऊनच. तलावातला चांगला पोहणारासुद्धा लाटांत श्वास हरवतो. शेवटचे दोन आठवडे सराव उतरवायचा, तेव्हा ऑफिसात विवरणपत्रांची धांदल असेल. तेही जुळून येतं.

यंदा ठरावीक वेळेचं लक्ष्य ठेवू नकोस, साडेआठ तासांच्या मुदतीत पूर्ण करायचं ठेव. जुलैच्या शेवटी पहिल्या ग्रुपचा एखादा विषय अजून उघडलाच नसेल, तर रिलेमध्ये (तिघांनी वाटून करायच्या शर्यतीत) एकच भाग घेता येतो का, हे आयोजकांना विचार. तसं झालं तर मी तुला पोहण्याचा भाग घ्यायला सांगेन, त्याची तयारी अंगाला सगळ्यात कमी खाते.

आणि प्रिन्सिपलशी (ज्यांच्याकडे आर्टिकलशिप करतोस त्या सीएंशी) याच आठवड्यात बोल. परीक्षेची रजा त्यांनी धरलेली असते, रेसची नसते. ऑगस्टमध्ये ऑडिटच्या फायली वाटल्या जातात, त्यानंतर नोव्हेंबरचे दोन दिवस मागणाऱ्याला मीसुद्धा चटकन हो म्हणत नाही.