जुनी आलिशान गाडी घ्यावी का? बडोद्याच्या ऊन-पाण्यातला माझा अनुभव

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा : २०१६ ची जर्मन डिझेल सेडान मांजलपूरला तुमच्या घराजवळच विकायला आहे. मालक एकच, तोही परदेशात, गाडी जेमतेम ३५ हजार किलोमीटर चाललेली. एअर सस्पेन्शन आहे (स्प्रिंगऐवजी हवेवर तोललेली गाडी), मोठं सनरूफ आहे, आणि किंमत नव्या मध्यम एसयूव्हीपेक्षा कमी. तुम्हाला ती पुढची आठ-दहा वर्षं वापरायची आहे. बाबा म्हणतात, एवढी इलेक्ट्रॉनिक्स असलेली गाडी जुनी झाली की घर खाते.

माझं मकरपुरा जीआयडीसीत ऑटो इलेक्ट्रिकलचं काम आहे आणि अशा गाड्या माझ्याकडे नेहमी येतात. बाबांची काळजी खोटी नाही, पण दोष ते चुकीच्या जागी देताहेत. या गाड्यांमधला कॉम्प्युटर (आम्ही त्याला मॉड्यूल म्हणतो, एका गाडीत असे बरेच असतात) क्वचित मरतो. त्याला मिळणारं व्होल्टेज कमी पडतं, तारा जोडणाऱ्या कपलरमध्ये पाणी शिरतं, नाहीतर कुठेतरी अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची गाडीच्या बॉडीशी किंवा इंजिनशी असलेली जोडणी, सुटतं. मग व्होल्टेज मोजायचा मीटर न लावताच मॉड्यूल बदलायला सांगितलं जातं, आणि लाखाचं बिल तिथे तयार होतं.

गाडीत इलेक्ट्रॉनिक्स वाढली म्हणून ती कमी टिकते, हे सरसकट खरं नाही. १९८९ मध्ये आलेली लेक्सस एलएस ४०० त्या काळाच्या मानाने इलेक्ट्रॉनिक्सने भरलेली गाडी होती. तसल्याच एका गाडीने २०१९ मध्ये दहा लाख मैल, म्हणजे सोळा लाख किलोमीटर पूर्ण केले. बॉशने १९८६ मध्ये जगापुढे मांडलेल्या कॅन बस या जोडणीच्या पद्धतीने तर वायरिंग कमीच केलं, कारण दोन तारांवर सगळे मॉड्यूल एकमेकांशी बोलू लागले. उलट १९९० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांतल्या मर्सिडीज आठवा. इंजिन लोखंडासारखं, पण वायरिंगचं इन्सुलेशन उष्णतेने कडक होऊन भुगा व्हायचं. तिथे बिघडलं ते प्लास्टिक.

काही वेळा मात्र कंपनीचाच अंदाज चुकतो. मर्सिडीजने २००१ पासून सेन्सोट्रॉनिक ब्रेक आणले. पायाखालच्या पेडलचा निरोप कॉम्प्युटरला जायचा आणि ब्रेकचं प्रेशर पंप द्यायचा. प्रत्येक ब्रेक मोजला जायचा आणि ठरावीक आकड्यानंतर युनिट बदला म्हणून इशारा यायचा. २००४ आणि २००५ मध्ये मोठे रिकॉल झाले, म्हणजे विकलेल्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या, आणि पुढे ई-क्लासमध्ये कंपनी नेहमीच्या हायड्रॉलिक ब्रेकवर परत आली. म्हणून माझं सांगणं असतं की नवं तंत्र पहिल्यांदा आलेलं मॉडेल जुनं झाल्यावर घेऊ नका. त्याच तंत्राची दोन-तीन वर्षांनंतरची, सुधारलेली गाडी घ्या.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो. मध्यंतरी एक गाडी आली, डॅशबोर्डवर गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सगळे दिवे एकदम. दुसऱ्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचं मॉड्यूल गेलं असं निदान झालेलं. दोष वाचणारा स्कॅनर लावला तर पानभर दोषांचे कोड, आणि त्यातले बहुतेक कमी व्होल्टेजचे किंवा ‘अमुक मॉड्यूलशी संपर्क नाही’ असे. पाच वेगवेगळ्या सिस्टिम एकाच सकाळी बिघडत नाहीत, त्यांच्यात सामाईक असतो तो करंटचा पुरवठा. बॅटरीवर बंद गाडीत साडेबारा व्होल्ट होते, पण सेल्फ मारताना काटा नऊच्या खाली. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिन ब्लॉकला लावून पुन्हा सेल्फ मारला. तिथे पाव व्होल्टच्या आत फरक दिसायला हवा, दिसला एक व्होल्टच्या वर. इंजिनच्या अर्थिंगची पट्टी बाहेरून धड, पण थिंबलच्या (टोकाच्या धातूच्या कडीच्या) तोंडाशी आतून हिरवी पडली होती. पट्टी बदलली, कोड पुसले, दिवे गेले. मॉड्यूल आजही तेच आहे.

तुमच्या गाडीच्या जाहिरातीत ‘एनआरआय मालक, कमी चाललेली’ असं कौतुकाने लिहिलं असेल. आपल्या बडोद्यात अशा गाड्या पुष्कळ, आणि मला त्यांचीच जास्त भीती वाटते. लॉक केल्यावर गाडीतले मॉड्यूल एकेक करून झोपतात, तरी थोडा करंट जातच राहतो. तो ५० मिलिअँपिअर धरला तरी ८० अँपिअर-अवरची बॅटरी दोन महिन्यांत रिकामी होते. एखादं मॉड्यूल जागंच राहिलं तर चार-पाच दिवसांत. मालक दिवाळीला येणार, गाडी मेलेली, शेजारचा ड्रायव्हर दुसऱ्या बॅटरीने जंप देणार, गाडी चार दिवस फिरणार, पुन्हा कव्हर. असं वर्षानुवर्षं चाललं की बॅटरीचा जीव जातो आणि मॉड्यूलना अर्धवट व्होल्टेजवर उठायची शिक्षा होते. त्यात बऱ्याच जर्मन गाड्यांत बॅटरी नवी बसवली की स्कॅनरने तशी नोंद करावी लागते, नाहीतर गाडी नव्या बॅटरीला जुनी समजून चार्ज करत राहते. रोज वापरलेली, ७०-८० हजार चाललेली गाडी मी या ३५ हजारवालीच्या आधी निवडेन.

दुसरी गोष्ट पाणी. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती ३५ फुटांच्याही वर गेली होती. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या. गाडी तेव्हा कुठे होती ते विचारा, विम्याचा क्लेम झालाय का ते विमा कंपनीकडून काढा. मग स्वतः बघा : सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का, सीटखालचे बोल्ट गंजलेत का.

पण पूर न येताही गाडी आतून भिजते, आणि त्याचं कारण सनरूफ. त्याच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खाली जातात. उन्हाळ्यात झाडाखाली उभ्या गाडीच्या या नळ्यांत धूळ आणि कडुनिंबाचा मोहोर बसतो. पहिल्या मोठ्या पावसात पाणी खांबाच्या आतून उतरून कार्पेटखाली जातं. वरचं कार्पेट दोन दिवसांत कोरडं दिसतं, खालचा जाड फोम महिनाभर ओला असतो, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये वायरिंगचे कपलर, कधी अख्खं मॉड्यूल, तिथेच असतं. कपलर उघडला की पिनांवर हिरवट-पांढरी पूड दिसते. तपासायला सोपं आहे. सनरूफ उघडून पुढच्या कोपऱ्यात अर्धा ग्लास पाणी सावकाश सोडा. ते पुढच्या चाकाच्या मागे खाली ठिबकलं पाहिजे. नाही ठिबकलं तर दाराजवळची पट्टी काढून फोम हाताने दाबून बघा.

उष्णतेचंही आहेच. सर्किटमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर या भागाचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, म्हणून मे महिन्यात उघड्यावर राहिलेल्या गाडीच्या स्क्रीन आणि अँप्लिफायर आधी जातात. सावली मिळत असेल तर ती फुकटची देखभाल आहे.

एअर सस्पेन्शनवर वेगळं सांगायलाच हवं, कारण दोष त्यातही इलेक्ट्रॉनिक्सच्या माथी मारतात. बेलोचं, म्हणजे चाकावरच्या हवेच्या फुग्याचं, रबर चिरतं आणि हवा हळूहळू गळते. कॉम्प्रेसर ती भरायला दिवसभर धावतो, शेवटी तो जळतो किंवा त्याचा रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) चिकटतो. लोक कॉम्प्रेसर बदलतात, गळती तशीच, आणि वर्षात दुसराही जातो. रात्री गाडीच्या चारही कोपऱ्यांची चाकाच्या कमानीपर्यंत उंची टेपने मोजून ठेवा आणि सकाळी सुरू करायच्या आधी पुन्हा मोजा. एखादा कोपरा बोटभर खाली आला असेल तर तो खर्च किमतीतून वजा करायला सांगा.

बाबांचं म्हणणं जिथे मला खरंच पटतं ती जागा वेगळी आहे, आणि ती २०१६ पेक्षा नंतरच्या गाड्यांना जास्त लागू आहे. पूर्वी मॉड्यूल गेलं तर कुर्ल्याहून किंवा दिल्लीच्या मायापुरीतून जुनं आणून बसवता यायचं. आता ते गाडीशी बांधलेलं असतं. कंपनीच्या सर्व्हरवरून कोडिंग झाल्याशिवाय गाडी त्याला ओळखत नाही, म्हणजे भाग हातात असून दुरुस्ती अडते. मेमरीही झिजते. टेस्लाने २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार मॉडेल एस आणि एक्स परत बोलावल्या, कारण स्क्रीनमागची ८ जीबीची चिप सततच्या नोंदी लिहून लिहून संपत होती. २०२२ मध्ये तिथलं थ्रीजी बंद झालं तेव्हा धडधाकट गाड्यांच्या ऑनलाइन सोयी एका दिवसात गेल्या. ज्याने पूर्ण पैसे मोजून गाडी घेतली त्याला ती दुरुस्त करायचा मार्ग कंपनीने खुला ठेवलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. गॅरेजवाला म्हणूनही आणि गिऱ्हाईक म्हणूनही.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा. गाडी बघायच्या आधी माणूस शोधा : ज्याच्याकडे त्या कंपनीसाठी चालणारा स्कॅनर आहे, वायरिंग डायग्राम आहे, आणि जो आधी मीटर काढतो. सौद्यातच नव्या बॅटरीची आणि दोन पुढच्या बेलोंची रक्कम धरा. तुमचं रोजचं अंतर मांजलपूर ते अलकापुरी एवढंच असेल तर अशा छोट्या फेऱ्यांसाठी डिझेलचा हट्ट सोडा, तेच मॉडेल पेट्रोलमध्ये बघा. सनरूफ आणि एअर सस्पेन्शन नसलेलं मिळालं तर आणखी बरं. गाडी बघायला सकाळी जा, आणि आधीच सांगून ठेवा की इंजिन गरम करून ठेवू नका. स्कॅन करताना कोड पुसलेले दिसले तर वीस-तीस किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करा. आणि विकणारा दाराजवळची पट्टी काढून कार्पेट उचलू देत नसेल, तर किंमत कितीही कमी असली तरी तिथेच थांबा.