सिक्कीमला निघण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

विधानसभा निवडणुकीच्या वार्तांकनाला तू सिक्कीमला निघालास. “2024 ला 32 पैकी 31 जागा एकाच पक्षाकडे गेल्या, मग लिहायचं तरी काय?” असं तू विचारलंस. विरोधी बाक रिकामे असतात तेव्हा विरोधक सत्ताधारी पक्षातच शोधावा लागतो, असं माझं ठाम मत आहे, आणि सिक्कीमइतका चांगला दाखला मला दुसरीकडे सापडत नाही.

1989 ला नरबहादूर भंडारींच्या सिक्कीम संग्राम परिषदेने 32 च्या 32 जागा जिंकल्या. त्या आमदारांत पवनकुमार चामलिंग होते. त्यांना मंत्रिपद मिळालं, नंतर ते हातचं गेलं; 1993 ला त्यांनी सिक्कीम डेमोक्रॅटिक फ्रंट काढला आणि पुढच्याच वर्षी ते मुख्यमंत्री झाले. 2009 ला त्यांनीही 32 च्या 32 जिंकल्या. पण निवडून आलेल्यांपैकीच प्रेमसिंग तमांग त्याच वर्षाअखेर त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. 2013 मध्ये तमांग यांचा सिक्कीम क्रांतिकारी मोर्चा स्थापन झाला, 2014 ला त्याचे 10 आमदार होते, 2019 ला 17, आणि चामलिंगांची जवळपास पंचवीस वर्षांची सत्ता गेली. 2024 ला तर ते स्वतः दोन्ही मतदारसंघांत पडले.

तेव्हा सभांच्या गर्दीपेक्षा उमेदवारी याद्यांवर जास्त वेळ घाल. कोणत्या आमदाराचं तिकीट कापलं, ते कोणाला दिलं, कापलेला माणूस अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी कुठे होता, हे खोदून काढ. उद्याचा पक्ष त्या नाराजीत असू शकतो.

जागांवरून लोकांचं मन ओळखायला जाऊ नकोस. 2024 ला मोर्चाला सुमारे 58 टक्के मतं पडली आणि 31 जागा मिळाल्या. फ्रंटला सुमारे 27 टक्के मतं, जागा एक. म्हणजे दहातल्या चार मतदारांनी दुसरीकडे बटण दाबलं. हे चार जण तुझ्या बातमीत यायलाच हवेत. राज्य लहान, गावात सगळे एकमेकांना ओळखतात, सरकारी नोकरी प्रत्येकाच्या नात्यात कुणाला तरी असते; कॅमेऱ्यासमोर ते बोलणार नाहीत. त्यांचं नाव, गाव, सरकारी खातं यातलं काहीही छापू नकोस. तुझ्या बातमीपायी कुणाची बदली होता कामा नये.

मतदानाच्या दिवशी सकाळी अभिरूप मतदानाच्या (यंत्र तपासण्यासाठी आधी घेतलेल्या चाचणी मतदानाच्या) वेळीच केंद्रावर हजर राहा. विरोधी उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी आलाय का? संध्याकाळी मतदान संपल्यावर नमुना 17 क ची (केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशोबाची) प्रत घ्यायला तो थांबलाय का? त्या रिकाम्या खुर्चीवरून पक्षाची खरी हालत कळते. वेळ मिळाला तर ‘संघ’ नावाचा विधानसभा मतदारसंघही बघ. तिथे फक्त बौद्ध मठांमधले नोंदणीकृत भिक्षू-भिक्षुणीच मत देतात. देशात असा मतदारसंघ दुसरा नाही.

आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशीचं परतीचं तिकीट काढू नकोस. 2019 ला फ्रंटने 15 जागा जिंकल्या होत्या. तीन महिन्यांच्या आत त्यांचे 10 आमदार एकगठ्ठा भाजपमध्ये गेले, ज्याला त्या निवडणुकीत एकही जागा मिळाली नव्हती. पक्षाचे किमान दोन तृतीयांश आमदार एकत्र जाण्याची अट पूर्ण झाल्याने पक्षांतरबंदी कायदा आड आला नाही. 2024 चा एकमेव विरोधी आमदारही काही आठवड्यांतच सत्ताधारी पक्षात गेला. निकालानंतरचे तीन महिने तुला मिळाले पाहिजेत, हे संपादकांशी आत्ताच बोलून घे.

तुझा,
एक जुना वार्ताहर