आरडी 350 चे (म्हणजे आपल्या राजदूत 350 मोटरसायकलचे) दोन कार्ब्युरेटर ऊर्फ कार्ब आणि पेट्रोलची बोंब : तुमचे प्रश्न

प्रश्न (कोल्हापूर) : दादा, माझी राजदूत 350 गावात एक नंबर चालते, पण हायवेला ऐंशीच्या वर पाच-सात मिनिटं धरली की दम टाकते, दोन्ही सिलेंडर एकदम. दोन मिनिटं थांबलं की परत चालू. मिस्त्री म्हणतोय मेन जेट (कार्बातली पेट्रोल सोडणारी भोकं) मोठे टाकू.

जेटला अजिबात हात लावू देऊ नका. दोन्ही सिलेंडर एकदम मरतायत ना, मग दोष दोघांच्या सामाईक वाटेत आहे, म्हणजे टाकीचं झाकण, कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) नाहीतर पाइप. दोन कार्ब काही एकाच मिनिटाला बिघडत नाहीत. थांबल्यावर कार्बांच्या तळाच्या, पेट्रोल साठणाऱ्या फ्लोटच्या वाट्या हळूहळू भरतात म्हणून परत चालू होते. पुढच्या वेळी बंद पडली की तिथेच टाकीचं झाकण उघडा, सुस्स करून हवा आत ओढली गेली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय, रबराखाली गंज आणि धूळ बसून ते हमखास बुजतं.

आवाज आला नाही तर घरी कार्बाकडे जाणारे पाइप काढून बाटलीत सोडा आणि झाकण लावलेलं ठेवून घड्याळ लावा (कॉक व्हॅक्यूमचा असेल तर प्राइमवर, म्हणजे इंजिन बंद असतानाही पेट्रोल सुटतं त्या खुणेवर). ही गाडी फुल थ्रॉटलला मिनिटाला पाव लिटरच्या आसपास पेट्रोल ओढते, मी मिनिटाला निदान 400 मिली आल्याशिवाय कॉक पास करत नाही. धार तीन मिनिटं तशीच राहिली पाहिजे, आधी जोरात आणि मग बारीक झाली तर परत झाकणच बघा. आणि पाइपमध्ये कुणी कारचा कागदी फिल्टर घातला असेल तर तो काढा, आपल्याकडे पंप नाही, पेट्रोल नुसतं वजनाने खाली येतं, त्याला एवढा अडथळा झेपत नाही. खरा फिल्टर टाकीच्या आत कॉकवरची जाळी, ती काढून धुवा.

प्रश्न (पुणे) : सहा महिने गाडी उभी होती. आता आयडलला उजवा सिलेंडर मेलेला, तीन हजारच्या वर गेली की दोन्ही मारतात. प्लग नवीन टाकला, फरक नाही.

वर गेल्यावर उजवा मारतोय म्हणजे स्पार्क बहुतेक ठीक आहे, पायलट जेट (आयडलला पेट्रोल देणारा) बुजलाय. थ्रॉटल पाव उघडला की निडल आणि मेन जेटचं काम सुरू होतं म्हणून तिथे दोष झाकला जातो. वाटी उघडा, जुन्या वॉर्निशसारखा वास येईल आणि तळाला तपकिरी चिकट थर दिसेल. पायलट जेट काढून ट्यूबलाइटसमोर धरा, केसाएवढं भोक असतं पण स्वच्छ असेल तर उजेडाचा गोल टिपका दिसतो, चंद्रकोर दिसली तरी तो बुजलेलाच समजा. कार्ब क्लीनर आणि हवा मारा, फार तर तांब्याच्या वायरीचा एक तंतू फिरवा, पण टाचणी किंवा स्टीलची तार घालू नका, पितळ खरवडलं की जेट गेला. जिथून जेट काढला त्या भोकातूनही हवा मारा, तिथली वाट बुजली असेल तर नवीन जेट टाकूनही काही होत नाही.

दोन कार्ब असण्याचा फायदा इथे घ्या, डाव्या-उजव्या जेटची अदलाबदल करा. मेलेपणा डावीकडे सरकला तर जेटचाच दोष. नाही सरकला तर दोन कार्बांच्या मधली चोकची छोटी नळी बघा, या गाडीत चोकचा दांडा डाव्या कार्बाला असतो आणि उजव्याला त्या नळीतून पेट्रोल जातं. ती तडकली की हवा आत जाते आणि उजवा लीन चालतो, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. तेही ठीक असेल आणि उजव्या सायलेन्सरमधून दाट धूर येत असेल, गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्रँकचं उजवं सील गेलंय, मग कार्बाला दोष देऊ नका.

आणि कळकळीने सांगतो, दोष सापडेपर्यंत गाडी पळवू नका. माझ्या गाडीचा डावा प्लग पांढराफट पडला होता (ही लीन चालण्याची खूण) आणि मी घाट उतरून बघू म्हणालो, खाली पोचेपर्यंत पिस्टनला भोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालवत असाल तर दुप्पट धोका, पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी.

प्रश्न (सांगली) : रात्री साइड स्टँडवर उभी केली की सकाळी खाली पेट्रोलचं थारोळं.

आधी कॉक बंद करायची सवय लावा, कारण ते पेट्रोल क्रँककेसमध्येही उतरतं आणि बेअरिंगवरचं ऑइल धुऊन काढतं. मग ज्या बाजूची गळते त्या कार्बाची फ्लोट निडल (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुई) नखाने चाचपा, टोकाला गोल खाच लागली तर बदला, नवीन निडल शक्यतो सीटसकट. फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल डुचमळलं तर फुटलाय. एका बाजूची निडल बदलली तरी फ्लोटची उंची दोन्हीकडची मोजायची, दोन्ही सारखीच हवी.

प्रश्न (नाशिक) : ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे जेट वाढवावे लागतील का?

थोडं खरं आहे. साध्या पेट्रोलला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पटच, त्यामुळे त्याच जेटवर गाडी जरा लीन होते. पण आधी टाकी-कॉक-फ्लोट ठीक करा, दोन्ही स्लाइड (ग्रिप फिरवली की कार्बात वर सरकणारे दट्टे) सारख्या आहेत का बघा. एअर बॉक्सचे रबर काढून दोन्ही स्लाइडखाली एकेक बोट ठेवा आणि ग्रिप अगदी हळू फिरवा, दोन्ही बोटांना एकाच क्षणी हलकं वाटलं पाहिजे, नाहीतर केबलचे अॅडजस्टर फिरवा. हे झाल्यावरही प्लग पांढरे आले तरच मेन जेट एक नंबर वाढवा, दोन्हीकडे. जुने पाइप आणि ओ-रिंग या पेट्रोलने फुगतात, ते व्हायटॉनचे (या पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचे) घ्या. महिनाभर उभी ठेवणार असाल तर कॉक बंद करून दोन्ही वाट्या रिकाम्या करूनच ठेवा.