टर्बो गाडीला बाहेरून विकत घेतलेला इनटेक (इंजिनात हवा नेणारा फिल्टर-पाइपचा संच) कोणता बसवावा?

जळगाव-धुळे रोजचं येणं-जाणं म्हणताय, मग ओपन कोन फिल्टर, म्हणजे बॉनेटखाली उघडाच बसणारा शंकूसारखा फिल्टर, नकोच. मे महिन्यात भुसावळला बाहेरच पारा 45 च्या घरात, बॉनेटखाली त्याहून जास्त. तो फिल्टर तीच तापलेली हवा ओढणार. 'फुस्स' आवाज मात्र झकास येतो, हे कबूल! कंपनीचा एअरबॉक्स, म्हणजे फिल्टरचा बंद डबा, तसाच ठेवा आणि त्यात बसणारा चांगला पॅनल (चपटा) फिल्टर घ्या. कॉटनचा असेल तर धुतल्यावर तेल हात राखून लावा, जास्त झालं की आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर चिकटतं. पाइपाचे क्लॅम्पही घट्ट आवळा, नाहीतर फटीतून न गाळलेली हवा आत जाते. माझा एकदा ढिला राहिला होता. पाइपात बोट फिरवलं तर काळ्या मातीची पूड निघाली. ती थेट टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची, पाती खाते.