आकडे पाठ आहेत, पण मोजता येत नाही : माझा अनुभव

तुमचा साडेचार वर्षांचा मुलगा शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणतो, पण ‘सात बटणे दे’ म्हटले की मूठभर काढून देतो, हे वाचले आणि माझ्या मुलीची बालवाडीतली वर्षे आठवली. मुलात काही उणीव आहे असे कृपया समजू नका. आकड्यांची नावे क्रमाने म्हणता येणे आणि शेवटी उच्चारलेला आकडा हीच सगळ्या वस्तूंची संख्या असते हे उमगणे, या दोन टप्प्यांमध्ये बहुतेक मुलांचे बरेच महिने जातात. आधी ‘एक दे’ जमते, मग ‘दोन दे’, मग ‘तीन दे’, हे मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी १९९० च्या सुमारास केलेल्या अभ्यासांतून पुढे आले.

आम्हाला सर्वांत महागात पडली ती शाळेची भूमिका. मुलगी पाच मणी नीट मोजायची, पण ‘मग किती झाले?’ विचारले की पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरुवात करायची. हे शाळेत सांगितल्यावर ‘लेखनाचा सराव वाढवा’ एवढेच उत्तर मिळाले आणि रोज एक ते शंभर लिहून आणण्याचा गृहपाठ सुरू झाला. तीस ते एकोणचाळीस लिहिताना ती आधी वरून खाली दहा वेळा नुसता ३ लिहून टाकत असे आणि नंतर प्रत्येकाशेजारी ० ते ९ भरत असे. पान अचूक, शेरा ‘छान’, आणि तीस ही संख्या तिच्या मनात एकदाही आलेली नाही! भरलेली वही म्हणजे गणित आले, असे मानणाऱ्या शिक्षणपद्धतीवर माझा आजही राग आहे.

मी तज्ज्ञ नाही, आणि बोलणे किंवा ऐकणे याविषयीही शंका असेल तर तज्ज्ञांनाच दाखवा. पण माझे स्पष्ट मत असे की, काही काळ घरी अंकलेखन पूर्ण थांबवावे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांच्या २००८ च्या अभ्यासात एक ते दहा अंकांच्या सरळ पट्टीवर सोंगटी पुढे नेण्याचा खेळ मुले सुमारे पंधरा मिनिटांच्या चार बैठकांत खेळली आणि त्यांची संख्यांची समज वाढली. अंकांऐवजी नुसते रंग असलेल्या पट्टीवर खेळलेल्या मुलांत तसे दिसले नाही. खेळताना एक पथ्य मात्र पाळा : सोंगटी पाचावर असताना दोन घरे पुढे जायचे असेल, तर ‘एक, दोन’ न म्हणता ‘सहा, सात’ म्हणायला लावा.

आणखी एक, थोडे विषयाला जोडूनच : तुमच्या शाळेत बोटांवर मोजायला मनाई असेल, तर ती घरी तरी पाळू नका. या वयात बोटे ही मुलांची हक्काची मोजणी-साधने आहेत, आणि गरज संपली की बहुतेक मुले ती आपणहून सोडतात.