शेळ्यामेंढ्यांच्या जंतांवर पीएचडी करतोयस? मग आधी लेंड्या

डीएनएच्या मागे लगेच पळू नकोस, आधी लेंड्या नीट गोळा करायला शिक, त्या डायरेक्ट गुदद्वारातून काढायच्या, जमिनीवरच्या उचलल्यास तर मातीतल्या अळ्या मिसळल्याच समज. औषध देताना प्रत्येक जनावर काट्यावर चढव, अंदाजपंचे डोस कमी पडला की औषध फेल वाटतं अन् तू रेझिस्टन्स, म्हणजे जंत औषधाला दाद देत नाहीत, म्हणून लिहून मोकळा! शेळीचं शरीर औषध लवकर बाहेर टाकतं, मेंढीचा डोस तिला बरेचदा पुरत नाही. औषधाआधी लेंड्यांतली जंतांची अंडी मोज, मग औषधानंतर साधारण १४ दिवसांनी परत मोज. अंडी बहुतेक सारखीच दिसतात, जंताची जात कळते अळ्यांवरून, म्हणून कल्चर, म्हणजे लेंड्यांतल्या अंड्यांतून अळ्या वाढवणं, लागतंच, आणि ते सॅम्पल फ्रिजमध्ये ठेवू नकोस बाबा, हिमाँकस या रक्त पिणाऱ्या जंताची अंडी थंडीत मरतात, माझा अख्खा सीझन गेला त्यात.