वाचकांचे प्रश्न: देवमाशांचा जुना हिशेब

प्रश्न: शिकारीपूर्वी देवमासे किती होते, हे मोजणी नसताना कसं कळतं? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर: हिशेब उलटा मांडतात. आजची गणना घ्यायची, जन्मदर धरायचा आणि शिकारी जहाजांच्या नोंदींतले दरसालचे आकडे मिळवत मागे जायचं. अंटार्क्टिकातले निळे देवमासे असे सुमारे २,३९,००० निघतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उरले जेमतेम काहीशे! घोळ असतो तो नोंदींत. सोव्हिएत ताफ्यांनी हजारो देवमाशांची शिकार लपवली. जखमी होऊन बुडालेला प्राणी तर बहुधा वहीत चढतच नसे. त्यामुळे मूळ आकडा कमी येतो. पडताळ्याला डीएनएतलं वैविध्य बघतात; संख्या जितकी मोठी, तितकं ते सहसा जास्त. काही जातींत त्यातून संख्या कितीतरी मोठी येते, पण ती हजारो वर्षांची सरासरी, १८०० सालची शिरगणती नव्हे.